वाकोल्याची सरपंच

विलेपार्ल्याला कुंदाताईंच्या स्वयंपाकघरात रत्नप्रभा कणीक मळत असली की कधीमधी तिचा फोन वाजायचा. हात पिठात असायचे. मग ती करंगळीने बटण दाबून फोन ओट्यावर तसाच पालथा ठेवायची आणि पलीकडून चुलत दिराचा, बाळाचा आवाज यायचा.

‘वहिनी, मेसेज आलाय बघ. सहा आकडे आहेत. सांग पटकन.’

ती हात पुसून आकडे वाचायची. तो पुन्हा एकदा वदवून घ्यायचा, ‘झकास’ म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा. दोन मिनिटांचं काम. कुंदाताईंना वाटायचं, गॅसच्या सिलिंडरचं नाहीतर बँकेचं काही असेल. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढून त्या निवृत्त झालेल्या, दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावायची त्यांना सवय नव्हती. रत्नप्रभानेही कधी सांगितलं नाही. काय सांगणार? तुमच्याकडे पोळ्या लाटायला येणारी बाई एका गावाची सरपंच आहे, आणि आत्ता इथे उभ्याउभ्या तिने गावचा कारभार केला, असं?

पण तसंच होतं ते. खैरखोल ग्रामपंचायतीची लोकनियुक्त सरपंच, श्रीमती रत्नप्रभा निलेश घाडी. मुक्काम कागदावर खैरखोल. राहणं वाकोल्याला, गल्लीच्या शेवटच्या खोलीत, मुलीबरोबर.

खैरखोल तळकोकणात. जनगणनेत त्याची लोकसंख्या तीनशे शहाऐंशी. मतदार यादीत दोनशे एक्याण्णव नावं. प्रत्यक्ष चूल पेटते अशी माणसं शंभराच्या आत. बाकीचा गाव दोन पिढ्यांपूर्वी गिरणीत कामाला म्हणून मुंबईत आला तो इथेच राहिला. गिरण्या गेल्या, माणसं वाकोला, गोरेगाव, कांदिवली अशी पांगली. कोणी वॉचमन झालं, कोणी बँकेत लागलं. पण मतं सगळ्यांनी गावातच ठेवली. खैरखोल ग्रामस्थ मंडळाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाकोल्यातल्या एका शाळेच्या वर्गात भरायची. लहान पोरांच्या बाकांवर पन्नाशीचे बाप्ये गुडघे वर करून बसायचे आणि गावात कुठे पाइप टाकायचा, कुठे दिवा लावायचा ते ठरवायचे. गावातल्या माणसांना ते नंतर कळवलं जायचं.

बाळा या मंडळाचा अध्यक्ष. वाकोल्यात तो प्लास्टर, लाद्या, मोरीची कामं घ्यायचा. बोलायला गोड, कोणाच्या मयताला सगळ्यांच्या आधी हजर. रत्नप्रभाचा नवरा निलेश करोनात गेला, तेव्हा स्मशानातली पावती बाळानेच फाडली होती. त्या दिवसांत भाऊसुद्धा जवळ येत नव्हते. ते ती विसरली नव्हती.

पुढे एकदोन वर्षांनी सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं. मंडळाने यादी काढली. गावात साठीच्या आतल्या बायका अकरा. चौघींची नावं अजून माहेरच्या यादीत, दोघींना तीन-तीन मुलं म्हणून त्या नियमात बसेनात, आणि उरलेल्यांच्या घरच्यांनी नको म्हणून सांगितलं. मग मुंबईत शोध सुरू झाला. रत्नप्रभाला एकच मुलगी. यादीत नाव. गावच्या घरात शौचालय. अर्जाला लागणारं सगळं होतं.

‘मला काय कळतं त्यातलं?’ ती म्हणाली.

‘आम्हाला कळतं ना,’ बाळा म्हणाला. ‘वहिनी, तुला काहीच करायचं नाही. खुर्ची तुझी, काम आमचं. गावाचं काम आहे, नाही म्हणू नकोस.’

ती बिनविरोध निवडून आली. एक गोष्ट खरी, तिला आनंद झाला होता. सातवीत शाळा सुटल्यापासून कोणी तिचं पूर्ण नाव माइकवरून घेतलं नव्हतं. शपथ घ्यायला गावी गेली तेव्हा ग्रामसेवक सुबोध, तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तिला ‘मॅडम’ म्हणाला. पाच गावांचा कारभार त्या एकाच्या गळ्यात. त्याने दोन ठिकाणी तिच्या सह्या घेतल्या, तिच्या नावाची डिजिटल सही तयार करून घेतली. पेनड्राइव्हसारखी निळी वस्तू होती ती. ‘ही हरवायची नाही हं मॅडम,’ तो म्हणाला आणि बाळाने ती स्वतःच्या खिशात ठेवली.

पहिल्या ग्रामसभेला बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या. त्यात मालन होती. मालन म्हणजे रत्नप्रभाची मोठी जाऊ. निलेशच्या थोरल्या भावाची बायको, तिशीतच विधवा झालेली, आता साठी ओलांडलेली, मूलबाळ नाही. सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं तिनेच काढलं आणि त्यांच्यामागे घर धरून तिथेच राहिली. रत्नप्रभाची श्रुतिका चार महिन्यांची असताना रत्नप्रभाला कावीळ झाली, ती बरी होईपर्यंत आठ महिने मालनने पोरीला गावी सांभाळली. श्रुतिका तिला मोठीआई म्हणायची.

‘वयनी, वर ये ना, खुर्ची आहे,’ रत्नप्रभा म्हणाली.

मालन पदर तोंडावर घेऊन हसली. ‘सरपंचाच्या समोर खुर्चेर कशी बसतलंय मी?’

मालन राहायची ती वाडी व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. नऊ घरं. पंचायतीची कचेरी, रेशनचं दुकान, एसटीचा थांबा, सगळं अलीकडे. मधल्या व्हाळात उन्हाळ्यात घोटाभर पाणी, पण पावसात तो दोन पुरुष खोल होऊन गढूळ धावायचा. त्यावर एक साकव होता. लोखंडी पट्ट्यांवर फळ्या टाकून केलेला पायपूल, कधीकाळी कोणत्या योजनेतून आलेला.

मालन रविवारी फोन करायची. आधी गावात कोण आजारी, कोण मुलाकडे गेलं ते सांगायची. माणसांचा हिशेब तिच्या तोंडावर असायचा. ‘खालचो तातू गेलो गो. आता आमी चौऱ्याण्णव रवलंव.’ मग फणस, मग गुडघे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती म्हणाली, ‘रत्ना, तो साकव हलता. पाय ठेवलो की कुरकुरता. सरपंच मगे तू, काय ता बघ.’

रत्नप्रभाने त्याच दिवशी बाळाला सांगितलं. तो म्हणाला, ‘बरं झालं बोललीस. दुरुस्ती मंजूर करून घेतो.’ आपण सांगितलं आणि काम झालं, याचं तिला बरं वाटलं. फेब्रुवारीत एका सकाळी सहा आकडे सांगून झाल्यावर तिने विचारलं, ‘कशाचे आहेत?’ तो म्हणाला, ‘तुझ्याच साकवाचे.’

एप्रिलमध्ये मालन पुन्हा बोलली. ‘खंय झालो गो साकव? वरसून हिरवो रंग मारल्यानी आणि दोन फळये नवे घातल्यानी. खाली ताच कुजलेला लोखंड.’

रत्नप्रभाने बाळाला विचारलं. त्याने फोटो पाठवला. हिरवा कठडा उन्हात चकचकत होता. तिने तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. कठड्याखालचं काही त्यात दिसत नव्हतं, पण ते त्या वेळी तिच्या डोक्यात आलं नाही.

जूनच्या सुरुवातीला मालनने तिसऱ्यांदा विषय काढला. त्या दिवशी रत्नप्रभाचा एका घरात वाद झाला होता, पाय सुजले होते, खोलीत पाणी आलं नव्हतं.

‘वयनी, मी फोटो बघितलाय,’ ती ताडकन म्हणाली. ‘काम झालंय. साऱ्या गावाची कुरकुर मी इथून कशी निस्तरू? आणि चार घरची जेवणं कोण करणार मग?’

मग मालन म्हणाली, ‘बरा.’ आणि वांग्याच्या रोपांचं काही सांगू लागली.

त्यानंतर साकवाचं नाव तिने काढलं नाही.

निराधार बायकांना मिळणारा महिन्याचा पगार मालनला मिळायचा. पेन्शनला गावात पगारच म्हणतात. तो चालू ठेवायचा तर दरवर्षी जून संपायच्या आत आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. सत्तावीस तारखेला रत्नप्रभाने आपणहून फोन केला.

‘दाखला दिलास?’

‘पाणी उतरला की जातंय.’

‘तीस शेवटची तारीख आहे, वयनी. नाही दिलास तर पगार बंद होईल, मग माझ्याकडे रडू नकोस. उद्या जाऊन ये.’

‘जातंय, जातंय,’ मालन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला रत्नप्रभा कुंदाताईंकडे डाळीला फोडणी देत होती. फोन बाळाचा नव्हता, ग्रामसेवक सुबोधचा होता. तो इतक्या हळू बोलत होता की तिने आधी गॅस बंद केला.

‘मॅडम, साकव गेला. तुमच्या जाऊबाई त्यावर होत्या.’

मालन दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. व्हाळ नदीला मिळतो तिथल्या बंधाऱ्याच्या दगडांत अडकली होती. रत्नप्रभा आणि श्रुतिका डोंगराला वळसा घेऊन वाडीत पोचल्या तेव्हा तिला पडवीत आणून ठेवलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधारकार्ड आणि दाखल्याचा फॉर्म तिच्या कमरेला खोचलेला तसाच होता. बायकांनी तो काढून रत्नप्रभाच्या हातात दिला. फॉर्म कोरडा होता. खाली सरपंचाच्या सहीची जागा मोकळी.

तिरडी न्यायला पलीकडच्या वाडीत चार धडधाकट बाप्ये नव्हते. वाडीतच, घराच्या मागच्या वरकस जमिनीत तिला अग्नी दिला. भिजकी लाकडं पेट घेईनात. रॉकेल कोणाकडे नव्हतं, शेवटी मोटरसायकलमधून पेट्रोल काढलं.

मग रत्नप्रभा एकटी व्हाळावर गेली. साकवाचं वाडीकडचं टोक जाग्यावर होतं, मधला भाग नव्हता. जिथून लोखंड तुटलं होतं तिथे ते बिस्किटासारखं पापुद्रे सुटलेलं, आतून पोकळ. हिरवा रंग त्या तुटल्या काठापर्यंत नीट मारलेला. तिथेच काठाला निळी पाटी होती. ‘साकव दुरुस्ती करणे’, खाली योजनेचं नाव, त्याखाली पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत सरपंचांचं नाव.

मागे शेजारची जयंती येऊन उभी राहिली होती. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. तिने एवढंच विचारलं, ‘तिना तुका फोन केल्यान होतो ना?’

रत्नप्रभाने मान हलवली. जयंती निघून गेली. नंतर तेराव्यापर्यंत वाडीतली एकही बाई तिच्याशी आपणहून बोलली नाही. वाढायला गेली की ताट पुढे करत, बस.

तेराव्याला बाळा आला, मुंबईहून आणखी वीसेक जण घेऊन. पंगतीत वाढायला तोच पुढे. मालनच्या फोटोसमोर त्याचे डोळे खरंच भरून आले होते. ते सोंग होतं असं रत्नप्रभाला त्या दिवशीही वाटलं नाही आणि पुढेही कधी वाटलं नाही.

वाकोल्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खोलीवर आला. हातात टाइप केलेला कागद.

‘पंचायत समितीत चौकशी लागलीये. सरपंच म्हणून तुझा जबाब द्यायचाय. तयार करून आणलाय. सही कर, खरी सही, आकड्यांची नाही,’ तो किंचित हसला.

श्रुतिका नुकतीच कामावरून आली होती. गोरेगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काउंटरला बसायची. तिने कागद घेऊन मोठ्याने वाचला. मयत मालन ही साकवाचा वापर न करता कपडे धुण्याकरिता ओढ्याच्या पात्रात उतरली असता पाय घसरून वाहून गेली. साकव त्यानंतर पुरात वाहून आलेल्या झाडाच्या धक्क्याने तुटला. दुरुस्तीच्या कामाची मी समक्ष पाहणी केलेली असून काम समाधानकारक आहे.

‘वयनी कपडे धुवायला उतरली?’ रत्नप्रभा म्हणाली. ‘त्या पाण्यात? आधारकार्ड कमरेला लावून?’

‘वहिनी, गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतोय? राहिलेल्यांचं बघायला नको?’

‘साकवाचं काय केलंत, भावजी?’

बाळा म्हणाला, ‘देवळाचा सभामंडप कशातून झाला असं वाटतं तुला? मंडळाने पाच वर्षं वर्गणी मागितली, किती जणांनी दिली? लाद्या बघितल्यास ना? मी एक पैसा घरी नेलेला नाही. देवाशप्पथ. कामं अशीच फिरवाफिरवी करून होतात गं. पुढच्या वर्षी साकव करणारच होतो.’

सभामंडपाच्या लाद्या तिने पाहिल्या होत्या. गुळगुळीत, पांढऱ्या. गावातल्या कोणी त्या मागितल्या नव्हत्या. वर्षातून एकदा जत्रेला मुंबईकर येत, त्यांच्या फोटोत त्या छान दिसत.

तिने कागद घडी करून कपाटावर ठेवला. ‘उद्या बघते,’ म्हणाली.

दारात चप्पल घालताना बाळा म्हणाला, ‘आपल्या गल्लीचा सर्व्हे लागतोय पुढच्या महिन्यात. बिल्डरची माणसं खोलीखोलीचे कागद बघणार. खोलीचा फोटोपास माझ्या बापाच्या नावावर आहे, वहिनी. निलेश असतानाही आणि नंतरही, मी कधी त्यावरून बोललोय का?’

‘नाही.’

‘बोलायची वेळ आणू नकोस,’ तो म्हणाला आणि गेला. दमदाटी केल्यासारखा नाही, काळजीने सांगितल्यासारखा.

श्रुतिकाने दार लावलं. थोड्या वेळाने म्हणाली, ‘आई, सही कर.’

रत्नप्रभाने तिच्याकडे पाहिलं.

‘बघू नकोस अशी. मोठीआईच्या कुशीत वाढलेय मी, मला काही वाटत नाही का? पण ती आता येणार नाही. आणि ही खोली गेली तर आपण कुठे जायचं? भाडी माहितीयत तुला? पाचवं घर धरणार आहेस का तू, का सहावं?’ तिचा आवाज चढला. ‘आणि तू वाचलं नाहीस कधी? कशाला घेतोय आकडे, विचारलं नाहीस?’

‘एकदा विचारलं होतं.’

‘मग?’

‘साकवाचे, म्हणाला.’

श्रुतिकाने स्वतःचा फोन काढला आणि काहीतरी शोधत बसली. ग्रामपंचायतींची कामं सरकारी वेबसाइटवर सगळ्यांना बघता येतात, हे तिला लॅबमधल्या कोणीतरी सांगितलं होतं. खैरखोल सापडायला वेळ लागला. साकव दुरुस्ती, काम पूर्ण, प्रमाणित करणार सरपंच आणि ग्रामसेवक, अकरा फेब्रुवारी. सोबत तोच कठड्याचा फोटो. रत्नप्रभाने स्वतःच्या फोनमधले मेसेज मागे मागे नेले. अकरा फेब्रुवारी, दहा चाळीस. सहा आकडे. त्या वेळी ती कुंदाताईंकडे होती, नक्कीच.

तसले एकूण एकतीस मेसेज निघाले. दीड वर्षात. तिने एकतीसही वेळा वाचून दाखवले होते. एक साकवाचा. बाकीच्या तिसांनी गावात काय झालं, काय नाही झालं, ते तिला आजही ठाऊक नाही.

सकाळी तिने कुंदाताईंना सगळं सांगितलं. पोळ्या झाल्यावर, ओटा पुसून, हात धुऊन. कुंदाताई म्हणाल्या, ‘तू? सरपंच?’ मग त्यांनी चष्मा लावून टाइप केलेला जबाब वाचला आणि त्यांची कचेरी जागी झाली.

‘याच्यावर सही करायची नाही. पण रत्ना, खरं लिहिलंस तर पहिली तूच अडकशील. सही तुझी आहे. असं लिही, माझ्या अज्ञानाचा गैरफायदा घेऊन माझी फसवणूक करण्यात आली. त्याने तू सुटशील.’

‘अज्ञान कुठलं, ताई?’ रत्नप्रभा म्हणाली. ‘वयनीने मला तीनदा सांगितलं होतं.’

कुंदाताईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, ‘मग तुझ्या शब्दांत लिही. मी शुद्धलेखन बघते. माझं नाव मात्र कुठे येऊ देऊ नकोस हं. या वयात मला ते झेपायचं नाही.’

तिने जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. दीड पान व्हायला दोन दुपारी लागल्या. मा. गटविकास अधिकारी यांस. मी सरपंच आहे पण मुंबईत राहते. माझी सही चुलत दीर बाळा घाडी यांच्याकडे होती. फोनवर आलेले आकडे मी त्यांना सांगत होते. साकव मी बघितला नव्हता. माझी जाऊ मालन हिने साकव वाईट आहे असे मला तीन वेळा कळवले होते. मी शेवटच्या वेळी तिला रागावले. ती दाखला देण्यासाठी साकवावरून जात होती. मीच तिला जाऊन ये म्हटले होते.

शेवटची तीन वाक्यं अर्जात लागत नाहीत, असं कुंदाताई म्हणाल्या. रत्नप्रभाने ती काढली नाहीत.

अर्ज तिने टपालाने पाठवला नाही. स्वतः तालुक्याला जाऊन दिला. अधिकारी तरुण होता, कंटाळलेला. त्याने वाचता वाचता पाठ सरळ केली.

‘हे तुम्ही मनाने लिहिलंत? कोणी सांगितलं म्हणून नाही?’

‘मनाने.’

‘या बाळा घाडींचा ग्रामपंचायतीशी संबंध काय?’

बाळा सदस्य नव्हता. ठेकेदार म्हणून कागदावर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. एका ठरावावर, एका पावतीवर त्याची सही नव्हती.

‘कागदावर काही नाही,’ ती म्हणाली.

‘मग अवघड आहे, ताई,’ अधिकारी म्हणाला आणि अर्जावर पोच दिली.

पुढचं जसं व्हायचं तसंच झालं. चौकशीत सरपंच आणि ग्रामसेवक दोषी ठरले. सुबोधला निलंबित केलं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात परत घेतलं. रत्नप्रभाला पदावरून काढल्याचा आदेश वाकोल्याच्या पत्त्यावर आला. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो दोघांवर. जामिनासाठी ती दोन दिवस तालुक्यात थांबली, तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं. बाळाला एकदा बोलावलं. तो गेला, चहा घेतला, आपण मंडळाचे अध्यक्ष म्हणून देवळाचं काम बघतो एवढं सांगून परत आला.

मंडळाच्या सभेत ठराव झाला. गावाची बदनामी केल्याबद्दल रत्नप्रभा घाडी यांच्याशी मंडळाचा संबंध राहणार नाही. तिला बोलावलं नव्हतं. जत्रेचे, मंडळाचे व्हॉट्सअॅप ग्रुप एकेक करून तिच्या फोनमधून नाहीसे झाले. गल्लीतल्या गाववाल्या बायका नळावर तिच्याशी बोलायच्या, पण गावाचा विषय निघाला की बादली उचलायच्या.

सर्व्हेची माणसं आली तेव्हा बाळाने बापाचा फोटोपास दाखवला. खोली त्याच्या नावाने नोंदली गेली. त्याने तिला बाहेर काढलं नाही. फक्त एवढंच म्हणाला, ‘बिल्डिंगचं काम सुरू होईपर्यंत राहा, वहिनी. पुढचं तू बघ.’ तिनेच महिनाभरात खोली सोडली. गोरेगावला, श्रुतिकाच्या लॅबपासून चालत अंतरावर, एका पोटमाळ्यावर त्या राहायला गेल्या. उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागायचं. श्रुतिका पहिले पंधरा दिवस आईशी कामापुरतं बोलली. मग एक दिवस तिने येताना फुटपाथवरून एक छोटा टेबलफॅन आणला, आईच्या उशाशी लावला आणि त्याबद्दल काही बोलली नाही. रत्नप्रभा गोरेगावहून पार्ल्याला दोन घरं करायला येत राहिली. कुंदाताईंनी काम काढून घेतलं नाही. पण ओट्याशी गप्पा मारायला त्या पूर्वीसारख्या येईनात.

खैरखोलला नवी सरपंच झाली. बाळाची बहीण वनमाला. ती कांदिवलीला राहते. बिनविरोध.

साकव अजून झालेला नाही. तात्पुरता म्हणून एक दोर बांधला होता, तो पुढच्या पुरात गेला. पलीकडच्या नऊ घरांपैकी तीन बंद झाली. मालनच्या घराची कौलं माकडांनी उचकटली आहेत असं कळलं. दुरुस्त करायला कोणी जात नाही.

मध्यंतरी रत्नप्रभाला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. जयंती होती. तिच्या नवऱ्याला छातीत दुखायला लागलं, तर त्याला चादरीच्या झोळीत घालून डोंगराला वळसा घेऊन न्यावं लागलं. चार तास. वाचला, पण डाव्या हाताला जोर नाही.

‘तू आता सरपंच नाय ता माका माहीत असा,’ जयंती म्हणाली. ‘पण दुसऱ्या कोणाचो नंबर माझ्याकडे नाय.’

‘अर्ज कर,’ रत्नप्रभा म्हणाली. ‘मी सांगते तसं लिही.’

‘लिवक माका येना नाय गो.’

मग तिनेच लिहिला. जयंतीच्या नावाने, पलीकडच्या वाडीच्या वतीने. वाडीत आता किती माणसं राहतात ते जयंतीला विचारून घेतलं, एकेकाचं नाव आणि वय घालून. सतरा निघाली. त्यातली अकरा सत्तरीच्या पुढची. खाली अंगठ्यासाठी जागा सोडून तिने तो गावी पाठवला, अंगठे होऊन परत आल्यावर झेरॉक्स काढली आणि पंचायत समितीला, जिल्हा परिषदेला आणि वनमालाला एकेक प्रत रजिस्टरने धाडली. पोस्टातल्या बाईने पाठवणाऱ्याचा पत्ता विचारला, तेव्हा तिने गोरेगावचा दिला.

वनमालाची प्रत न घेताच परत आली. बाकी दोन्ही ठिकाणी पोचल्या आहेत. रत्नप्रभाच्या खटल्याची पुढची तारीख चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आहे. गाड्या भरून जातात म्हणून तिने एसटीचं तिकीट आत्ताच काढून ठेवलंय. एकच काढलंय, श्रुतिकाला रजा नाही.